अनामिकेचा खळगा

आश्विनातलं ऊन आजऱ्यावर उतरतं ते पाय न वाजवता. हिरण्यकेशीच्या पात्रावर निजलेलं धुकं आधी कूस बदलतं, मग आळोखेपिळोखे देत उठतं, आणि मग ते सुवर्णकोमल, शरदनिर्मळ ऊन शिवारावर सांडतं. घनसाळ भाताच्या ओथंबल्या लोंब्यांवर, बांधावरच्या तेरड्यावर, पावसाने धुऊन काढलेल्या कौलांवर. डोंगर उजळतो, डोह उजळतो, देवळाचा कळस उजळतो. इतका उजेड, की माणसाला उगाचच वाटावं, आता सगळं नीट होणार. वाटतं आपलं. ऊन काही कुणाला वचन देत नाही.

त्या उन्हात, गावाच्या कडेला, केसरकरांच्या मागल्या पडवीत एक चकती फिरत होती.

यंत्र केवढंसं! मुठीत मावेल एवढं. तोंडाशी लोकरीची इवलीशी चकती, शेपटीला वायर. जावयाने बेळगावहून आणून दिलेलं. पण आवाज असा कर्णकर्कश, की ते सुरू झालं रे झालं की पेरूवरचे पोपट पंख झटकून उठायचे आणि शेजारच्यांच्या झाडावर जाऊन बसायचे. शेजारणीची दोन्हीकडून तक्रार होती, आवाजाची आणि पोपटांचीही.

यंत्रामागे सदानंद केसरकर बसलेले. कृश, उंच, पाठीत किंचित वाकलेले, नाकावर घसरता चष्मा. सारी हयात शाळा तपासण्यात गेली. वह्या तपासल्या, फळे तपासले, भिंती तपासल्या. कुठे डाग दिसला की यांचे हात शिवशिवायला लागायचे. आता शाळा नव्हती, वह्या नव्हत्या. गाडी होती.

गाडी घराच्या बाजूच्या पत्र्याखाली उभी. राखी रंगाची, गोल डोळ्यांची, जुन्या वळणाची, थोराड. तिच्या अंगावरचे बारीकसारीक धातूचे अलंकार एकेक करून सदानंदरावांनी उतरवले होते आणि पडवीत वर्तमानपत्रावर मांडले होते. दाराच्या मुठी. काचा वर-खाली करायचे दांडे. दिव्यांच्या कड्या. चावीच्या भोकावरची चिमुकली झाकणी. काळवंडलेले, डागाळलेले, वर्षावर्षांचा पाऊस पिऊन निस्तेज झालेले. एकेक तुकडा ते उचलायचे, पॉलिशच्या हिरव्या वडीवर चकती टेकवायचे आणि मग त्या तुकड्यावर. आधी काळा मळ निघायचा. मग धूसर उजाळा. मग, एकाएकी, आतून कुणी डोळा उघडावा तशी लकाकी. ती लकाकी आली की सदानंदराव यंत्र बंद करायचे आणि क्षणभर नुसते बघत बसायचे.

त्या क्षणासाठीच चाललं होतं सगळं. एवढं चकाकतं, तर बाकीचंही चकाकेल, असं त्यांना वाटायचं.

बाकीचं म्हणजे प्रमिला.

प्रमिला त्यांची बायको. गव्हाळ, ठेंगणी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. घरभर वावरायची, अंगणात तुळशीशी थांबायची, दारातल्या पायरीवर बसायची. दिसायला सगळं तेच. पण आतून एकेक दिवा विझत चालला होता. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग भाजीत मीठ घातलं की नाही, ते गेलं. मग नुकताच गेलेला पाहुणा आला होता हे गेलं. मग लेकीचं नाव गेलं, आणि एका सकाळी, चहाचा कप पुढे करणाऱ्या नवऱ्याकडे तिने पाहिलं आणि सोज्वळपणे विचारलं, "आपण कुणाकडचे?"

सदानंदरावांनी कप खाली ठेवला. "मी आहे गं," ते म्हणाले. ती घाबरली. पदर सावरून आत गेली, आतून कडी लावली. शेजारीण येऊन तिची समजूत काढेपर्यंत ती दार उघडेना.

त्या दिवसापासून "मी आहे" म्हणायचं त्यांनी सोडून दिलं.

पडवीत चकती फिरायला लागली आणि प्रमिलाला त्यांची ओळख पटली. वेगळीच पटली. आवाज ऐकून ती दारात आली, वर्तमानपत्रावर मांडलेले तुकडे बघितले, त्यातल्या चकाकणाऱ्या दोन-चारांवर नजर ठरली आणि तिचा चेहरा उजळला.

"कल्हईवाले भाऊ न्हवं तुम्ही? बरं झालं बाई आलासा. किती दिवस वाट बघतोय आम्ही."

भाऊ! सप्तपदी चालून आलेल्या नवऱ्याला भाऊ! पण ती घाबरली नव्हती. ती हसत होती. आज कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी हसून बोलत होती.

"व्हय," ते म्हणाले. "कल्हईवालाच."

मग रोज. रोज सकाळी चकती फिरायची आणि रोज प्रमिला काही ना काही घेऊन यायची. पितळेची परात आणली, ठीक. तांब्या आणला, ठीक. मग स्टीलची ताटली आणली, ॲल्युमिनियमचा टोप आणला, एकदा तर प्लॅस्टिकचा मग आणून ठेवला. आणि वर सूचना.

"नवसागर बेताने टाका भाऊ, डोळ्यांत जातो. आणि कल्हई पातळ नको. आमच्याकडं आंबट लागतं जेवणात, कळकतं सगळं."

"आमच्याकडं कोण खातं आंबट?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमचे हे," ती म्हणाली आणि लाजली. "त्यांना आमसुलाचं सार लागतंच. सारखे फिरतीवर असतात बघा. आले की आधी सार."

सदानंदरावांनी मान खाली घातली आणि ताटली घासायला घेतली. प्लॅस्टिकचा मगही त्यांनी चकतीला लावला, काय करणार? ती उभी राहून बघत होती. घासून दिलेली ताटली तिने उन्हात धरली, उलटीसुलटी केली आणि नाक मुरडलं. "हितं काळं राहिलंय." तपासणीत आयुष्य घालवलेल्या माणसाची तपासणी चालली होती.

आता ज्या एका शब्दासाठी हा सारा खटाटोप, तो शब्द सांगायला हवा.

प्रमिलाने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तिच्या तोंडी एकच होतं: अहो. चुलीपाशी बसून हाक मारलेलं लांबडं अहो. रुसव्यातलं तुटक अहो. माहेराहून परतताना एसटीच्या खिडकीतून ओरडलेलं, वाऱ्याने अर्धं नेलेलं अहो. लेक झाली तेव्हाचं, थकलेलं, ओलं, जेमतेम ऐकू आलेलं अहो. सदानंदरावांना खऱ्या नावाने हाक मारणारी पुष्कळ माणसं होती आयुष्यात, पण ते आपल्याला ओळखायचे त्या दोन अक्षरांनी. ती दोन अक्षरं गेली आणि घरात नुसते केसरकर साहेब उरले.

शेवटचं अहो गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचं.

खंडेनवमीला त्यांच्याकडे हत्यारं पुजायची. विळी, कोयता, कात्री, पाना-पक्कड, आणि गाडी. गाडीचा मान प्रमिलाचा. गाडीच्या नाकावर, बॉनेटच्या अगदी टोकाला, एक गोल बिल्ला होता. करंड्याच्या झाकणाएवढा, पितळेचा, वर चांदीवजा मुलामा. गाडी घरात आली त्या दिवशी, नव्या नवरीला उंबऱ्यात लावावं तसं तिने गाडीच्या कपाळी कुंकू लावलं होतं, त्या बिल्ल्याच्या मधोमध, तेलात कालवलेलं, अनामिकेने. मग दर खंडेनवमीला. मग दर प्रवासाला निघताना. कोल्हापूरला निघाले, लाव कुंकू. लेकीला सासरी सोडायला निघाले, डोळे पुसत लाव कुंकू.

आणि लावलेलं कुंकू पुसायचं नाही, हा तिचा दंडक. "गाडी धुवा की खुशाल. पण तिथं फडकं लावाल तर याद राखा!" फडकं कधी लागलं नाही. कुंकवावर कुंकू चढत गेलं, वर धूळ बसली, तेल काळवंडलं, आजऱ्याचा धुवाधार पाऊस त्याखाली मुरत राहिला. आणि त्या सौभाग्यलेपाखाली, हळूहळू, वर्षावर्षाने, मुलामा गेला, पितळ झिजलं, आणि बिल्ल्याच्या मधोमध एक खळगा पडला. मसुरीएवढा. मऊ काठांचा. अनामिकेच्या टोकाच्या मापाचा.

गेल्या खंडेनवमीला प्रमिलाचं पुष्कळ काही हरवलेलं होतं. आरती तिला आठवेना, नारळ कशाला हातात दिलाय ते कळेना. पण ती गाडीपाशी गेली, तिचं बोट कुंकवात बुडालं, बिल्ल्यावर गेलं, जरासं चाचपलं आणि त्या खळग्यात नेमकं उतरलं. तिथे ते थांबलं. आणि मग, कुणीतरी आत किल्ली फिरवावी तशी, प्रमिलाने मान वर केली आणि नवऱ्याकडे बघून, दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली.

"अहो, न्या आता. कुठं न्यायचं ते न्या मला."

आणि दार उघडून शेजारी बसली. घाटापर्यंत फिरून आले दोघं. परतताना ती पुन्हा विझली होती. पण जाताना ती होती. जाताना ती होती, हे सदानंदरावांनी वर्षभर उराशी धरलं.

काय होतं ते, कशाने झालं, याचा त्यांनी खूप विचार केला. आणि त्यांना वाटलं, गाडीने झालं. गाडी नव्यासारखी दिसली, पहिल्या दिवसासारखी झळकली, तर यंदा याहून जास्त होईल. निदान एकदा. एक अहो. बास, एवढंच मागणं होतं त्या माणसाचं. त्यानंतर पुढे काय, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नाही.

फोनवर लेक, शुभदा, रागावली. "अप्पा, कशाला जिवाला लावून घेताय? डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय न्हवं? जे गेलं ते येत नसतं."

"आठवतंय गं," सदानंदराव म्हणाले. "मला सगळं आठवतंय. तीच तर पंचाईत आहे."

सगळं आठवतंय! बघा माणूस काय बोलून जातो.

चकती फिरत राहिली. घटस्थापना झाली, पेरलेल्या धान्याला पिवळे कोंब आले. उन्हाची सोनेरी किनार पडवीत रोज जराशी पुढे सरकायची. मुठी झाल्या, दांडे झाले, दिव्यांच्या कड्या झाल्या. वर्तमानपत्रावर लकाकीचा नुसता संसार मांडलेला. छताच्या वाशांवर त्यांचे कवडसे थरथरायचे. प्रमिला खाली बसून ते कवडसे बघायची आणि मध्येच एखादा हातात धरायला जायची.

सर्वांत शेवटी बिल्ला.

तो त्यांनी मुद्दाम मागे ठेवला होता, जेवणात शेवटी गोड ठेवावं तसा. स्क्रू सोडवला, बिल्ला तळहातावर घेतला, चष्मा वर सरकवला. आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. केवढा डाग! मधोमध काळीकुट्ट खपली, खपलीखाली खड्डा. साऱ्या गाडीत इतकी घाण जागा दुसरी नव्हती. आणि ती नेमकी नाकावर, जिथे यंदा तिची नजर पहिल्यांदा जाणार तिथे!

अरे बाबा, थांब. जरा थांब. बोट लावून बघ त्याला, नुसतं एकदा बोट लावून बघ. पण चाळीस वर्षं लाल शाई बाळगलेल्या माणसाने डागाला बोट लावायचं नसतं, डाग काढायचा असतो. त्यांनी चकती सुरू केली.

खपली तापली, सैल झाली, उडाली. तिच्याखालून तांबडी पूड निघाली. मऊ, तेलकट, गर्द तांबडी. त्यांच्या बोटांवर उतरली, नखांत भरली, पांढऱ्या धोतरावर तिचे शिंतोडे उडाले.

"गंज," सदानंदराव स्वतःशीच म्हणाले.

पितळेवर तांबडा गंज चढतो का हो कधी? एवढी साधी गोष्ट. शाळेतल्या पोराने लिहिली असती तर यांनीच फुली मारली असती. पण डोळ्यांसमोर चकाकी नाचत होती, कानांत चकती ओरडत होती, आणि मनात ते एक अहो. त्यांनी तांबडी बोटं फडक्याला पुसली. मग कानस घेतली, बारीक, अगदी बारीक, आणि खळग्याच्या काठापासून घासायला सुरुवात केली. दिवसभर घासलं. मुलामा सगळाच निघाला, पितळ खाली खाली गेलं, खळगा उथळ झाला, मग सावली झाला, मग सावलीही गेली. मग पॉलिशचा कागद, मग हिरवी वडी, मग पुन्हा चकती.

संध्याकाळच्या उन्हात बिल्ला त्यांनी वर धरला. निष्कलंक, नितळ, कांचनवर्ण. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता, मागची पडवी दिसत होती, पेरूचं झाड दिसत होतं. ते हसले. लहान मुलासारखे हसले. त्यांना वाटलं, आयुष्यात याहून चांगलं काम आपल्या हातून झालं नाही.

फडकं त्यांनी कोपऱ्यात फेकलं. तांबडं, गोळा झालेलं, ओलसर. ते तिथेच पडून राहिलं.

खंडेनवमीची सकाळ झेंडूची होती. दाराला झेंडू, विळीला झेंडू, पत्र्याखालच्या गाडीला केशरी घसघशीत हार. शुभदा आदल्या दिवशीच आली होती. तिने आईला न्हाऊ घातलं, इरकली लुगडं नेसवलं, अंबाडा घातला, अंबाड्यावर अबोली माळली. करंडा पुढे केला, तर आरशात न बघता प्रमिलाने स्वतःच्या भुवयांमध्ये नेमकं, वाटोळं कुंकू रेखलं. बोटाला अजून ठाऊक होतं. डोकं विसरलं होतं, बोट विसरलं नव्हतं. शुभदाने ते पाहिलं आणि तिलाही क्षणभर आशा वाटली. आशेची लागण होतेच.

पाटावर हत्यारं मांडली. विळी, कोयता, कात्री, पाना-पक्कड, आणि यंदा नवं, ते मुठीएवढं यंत्र. सदानंदरावांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती. गाडीच्या अंगावर सगळे अलंकार परत चढले होते आणि ती सकाळच्या उन्हात झळाळत होती. नाकावर बिल्ला तर असा तेजाळलेला, की बघवेना.

प्रमिला ताम्हन घेऊन निघाली. हळू. पैंजणांचा नाद नव्हता, बांगड्यांचा होता. सदानंदराव मागे उभे. ती गाडीपाशी थांबली. तिचं बोट कुंकवात बुडालं, वर आलं, आरक्त, ओथंबलेलं. बिल्ल्यावर गेलं.

आणि घसरलं.

पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. त्या निष्कलंक पितळेवर बोट फिरायला लागलं. वर गेलं, खाली गेलं, काठाकाठाने फिरलं, मधे आलं, परत काठाला गेलं. लाल रेघा उठत गेल्या, एकीत एक गुंतत. आंधळ्याने आपल्याच घराचा उंबरा चाचपावा तसं ते बोट शोधत होतं. प्रमिलाने हात मागे घेतला आणि आधी बोटाकडे बघितलं, जणू बोटाचं चुकलं. मग बिल्ल्याकडे. मग सगळ्यांकडे.

"हे ते न्हवं," ती म्हणाली.

"आई, तेच आहे," शुभदा म्हणाली. "अप्पांनी घासलंय बघ किती छान."

"न्हवं."

सदानंदराव त्या बोटाकडे बघत होते. बोट अजून हवेत होतं आणि हवेतही त्याचं टोक किंचित वाकून काहीतरी शोधत होतं, मसुरीएवढं काहीतरी. ते पुढे झाले. त्यांनी आपलं बोट बिल्ल्यावर ठेवलं. गुळगुळीत. त्यांच्या बोटाला कुंकू लागलं, आणि ते तांबडं त्यांनी ओळखलं. काल-परवा नखांत भरलेलं. धोतरावर उडालेलं. फडक्याला पुसलेलं.

तिथं फडकं लावाल तर याद राखा!

सगळं आठवणाऱ्या माणसाला एवढं एकच आठवलं नव्हतं. बायकोचं आयुष्यभराचं कुंकू त्याने स्वतःच्या हाताने पुसून काढलं होतं आणि वर हसला होता. त्यांनी बॉनेटचा आधार घेतला.

आणि मग त्यांनी जे केलं ते बघवत नव्हतं. पाटावरचं यंत्र त्यांनी हिसकून घेतलं, अर्ध्या पूजेतलं, झेंडूसकट. लोकरीची चकती उपटली, कोरायचा टोकदार दगडी खडा बसवला, वायर ओढून प्लगात खोचली.

"अप्पा, काय करताय?"

"थांब. जरा थांब, प्रमिला. आत्ता होतं. एवढं झालं की झालं."

पितळ किंचाळलं. सोनेरी कीस उडाला, झेंडूवर बसला. त्यांनी मधोमध खळगा कोरला, मसुरीएवढा, मापात, फुंकर मारली, उपरण्याने पुसला. कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी तिचं मनगट धरलं, किती दिवसांनी धरलं, आणि तिची अनामिका त्या खळग्यात टेकवली.

"बघ. आहे न्हवं? तेच आहे न्हवं? बघ गं."

"आई गं!" तिने हात झटकन ओढून घेतला. "टोचलं की!"

टोचणारच. कोरलेल्याला धार असते. तो मऊ काठ कुठल्या यंत्राने यायचा? त्याला एक बाई लागते, एक बोट लागतं, आणि अख्खं एक आयुष्य लागतं. ते त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते घासलं.

यंत्र त्यांच्या हातातून खाली लोंबत राहिलं. त्यांचा चेहरा बघून प्रमिलाला वाईट वाटलं असावं. सणाचा दिवस, दारात आलेला माणूस, एवढा राबलेला. ती मऊ आवाजात म्हणाली, "असू दे भाऊ. कल्हई झकास केलीसा. पण भांडं आमचं न्हवं. ज्यांचं असेल त्यांना देऊन टाका."

शुभदाने तोंडाला पदर लावला आणि ती आत गेली.

सदानंदरावांनी दार उघडलं. शेजारच्या जागेचं दार, तिचं. मूठ लखलखली. "बस," ते म्हणाले. "नुसती बस. घाटापर्यंत जाऊ, आणि येऊ."

"परक्याच्या गाडीत कशी बसू मी?" ती मागे सरली, पण रागावली नाही. समजावल्यासारखं म्हणाली, "आमचे हे येतील एवढ्यात. फिरतीवर आहेत. पण खंडेनवमीला चुकत नाहीत. ते आले की मी आमच्या गाडीला कुंकू लावीन. मग ते नेतील मला."

आणि ती दारातल्या पायरीवर जाऊन बसली. इरकलीला लागू नये म्हणून कुंकवाचं बोट तिने वर धरलं, जपून, ताठ, आणि फाटकाकडे डोळे लावले. कधीकधी रस्त्यावर गाडी वाजायची. ती मान उंच करायची. गाडी पुढे निघून जायची.

सदानंदराव आपल्या जागेवर, स्टिअरिंगमागे, जाऊन बसले. शेजारचं दार उघडंच होतं. ते मिटायचं त्यांना सुचलं नाही. काचेतून ती दिसत होती. तीही वाट बघत होती, तेही वाट बघत होते, आणि दोघंही एकाच माणसाची.

दुपार झाली. झेंडू मलूल झाले. बिल्ल्यावरून उसळलेला एक सोनेरी कवडसा भिंतीवर चढला, तुळशीवर आला, पायरीवर आला, प्रमिलाच्या पदरावरून सरकत तिच्या वर धरलेल्या बोटापाशी आला आणि तिथे क्षणभर थांबला. मग ऊन पत्र्यामागे गेलं. कवडसा गेला. बोट तसंच वर होतं, आणि त्याच्यावरचं कुंकू वाळत होतं, वाळत होतं, वाळून गेलं.